लॅपटॉप सारखा हँग होतोय? विंडोज मारायच्या आधी ड्रायव्हर बघा

लॅपटॉप चालता चालता मधेच थिजतो, माउस जागचा हलत नाही, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं, परत चालू करायचं आणि तासाभराने पुन्हा तेच. यावर आपल्याकडे ठरलेला सल्ला एकच, "विंडोज मारून घे". दुकानात दिला की संध्याकाळपर्यंत फॉरमॅट होऊन येतो, दोन दिवस मस्त पळतो आणि मग परत हँग व्हायला लागतो. आता लोकांना वाटतं दुकानदाराने नीट केलं नाही, पण बऱ्याचदा खरं कारण वेगळंच असतं. फॉरमॅट झाल्या झाल्या विंडोज स्वतःचा साधासुधा ड्रायव्हर (लॅपटॉपच्या भागांना विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) वापरत असतं म्हणून सगळं शांत असतं, आणि मग नेट जोडलं की विंडोज अपडेट गुपचूप तोच आधीचा बिघडलेला ड्रायव्हर परत आणून बसवतं, किंवा दुकानदाराने पेनड्राइव्हवरच्या ड्रायव्हर पॅकमधून कुठलातरी जवळपासचा ड्रायव्हर आधीच टाकून दिलेला असतो. म्हणजे डेटा गेला, सॉफ्टवेअर परत टाकायचे कष्ट झाले आणि दुखणं तिथल्या तिथेच.

खाली जे लिहितोय ते विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेन्यूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये जशी दिसतात तशीच देवनागरीत लिहिलीयेत, तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील.

आधी एक गोष्ट समजून घ्या, ड्रायव्हरमुळे अख्खी मशीन का बसते. वर्ड किंवा क्रोम अडकलं तर टास्क मॅनेजरमधून बंद करता येतं, कारण ते विंडोजच्या गाभ्यापासून लांब चालतात. ग्राफिक्स, एसएसडी, वायफाय यांचे ड्रायव्हर मात्र बहुतेक त्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये चालतात, त्यामुळे तिथे एकजण अडकला की सगळ्यांनाच थांबावं लागतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली, ते याच कारणाने, त्यांचा भाग कर्नलमध्ये बसलेला होता. तिथे निळी स्क्रीन येत होती, तुमच्याकडे नुसतं थिजतंय, पण मुळाशी गोष्ट तीच.

हँग नक्की कसला आहे ते आधी बघा

पुढच्या वेळी थिजला की लगेच पॉवर बटणाकडे हात नेऊ नका. अर्धा मिनिट द्या आणि कॅप्स लॉक दाबून बघा, त्याचा दिवा लागतो-विझतो का. (काही लॅपटॉपना तो दिवाच नसतो, मग ही परीक्षा सोडून द्या.) दिवा बदलतोय म्हणजे आतमध्ये विंडोज जिवंत आहे, फक्त स्क्रीन किंवा एखादी गोष्ट अडकलीये. दिवाही मेलेला असेल तर पूर्ण मशीन थांबलंय, आणि मग ड्रायव्हरबरोबर रॅम, मदरबोर्ड, गरम होणं हे सगळे संशयित लाइनीत उभे राहतात.

आवाजाकडेही कान द्या. गाणं किंवा व्हिडिओ चालू असताना चित्र थांबलं पण आवाज पुढे चालूच राहिला तर जवळपास नक्की ग्राफिक्स. आवाज एकाच जागी अडकून घर्रर्र करत राहिला तर मशीनच थांबलंय, साउंड कार्ड मेमरीतला शेवटचा तुकडा परत परत वाजवत बसतं म्हणून तसा आवाज येतो. आणि माउस व्यवस्थित फिरतोय पण कशावरही क्लिक केलं की काहीच होत नाही, मग दोन मिनिटांनी सगळ्या क्लिक एकदम लागतात, असं असेल तर डिस्ककडे बघा, ग्राफिक्सच्या मागे लागू नका.

स्क्रीन थिजली असताना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी रीस्टार्ट होतो, स्क्रीन एकदा काळी होऊन येते आणि बारीकसा बीप येतो, उघड्या फायली जात नाहीत. याने लॅपटॉप परत हलायला लागला तर तुमचा चोर अर्धा सापडलाच. ही युक्ती इतकी कमी लोकांना माहितीये की आश्चर्य वाटतं.

आणि कधी हँग होतो ते कुठेतरी लिहून ठेवा, मोबाईलमधल्या नोट्समध्ये का होईना. चार्जर लावल्यावरच होतो का, झाकण उघडल्यावर म्हणजे स्लीपमधून उठल्यावर होतो का, व्हिडिओ कॉलमध्ये होतो का, काहीच न करता नुसता पडून असताना होतो का. या उत्तरांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

विंडोजने स्वतः काय लिहून ठेवलंय

स्टार्टमध्ये इंग्रजीत रिलायबिलिटी एवढं टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" असं येईल, ते उघडा. तारखांचा तक्ता दिसतो आणि ज्या दिवशी गडबड झाली तिथे लाल फुली असते. फुलीवर क्लिक केलं की खाली यादी येते. तिथे "हार्डवेअर एरर" म्हणून नोंद असेल आणि तपशिलात "लाइव्ह कर्नल इव्हेंट" असं लिहून खाली कोड १४१ किंवा ११७ असेल तर ग्राफिक्स वेळेत उत्तर देत नव्हतं असा त्याचा अर्थ. हार्डवेअर एरर हे शब्द बघून घाबरू नका, ड्रायव्हर खराब असला तरी तिथे तसंच लिहून येतं. याच पानावर अजून एक सोन्यासारखी गोष्ट मिळते, कुठल्या दिवशी कुठला अपडेट किंवा ड्रायव्हर बसला तेही तिथेच असतं, त्यामुळे "मंगळवारी ड्रायव्हर आला आणि बुधवारपासून लाल फुल्या" असं चित्र सरळ डोळ्यासमोर येतं.

त्याहून खोलात जायचं तर स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. उजवीकडे "फिल्टर करंट लॉग" घ्या आणि क्रिटिकल, एरर यांच्याबरोबर वॉर्निंगलाही टिक करा, कारण आपल्या कामाच्या दोन नोंदी वॉर्निंगमध्येच लपलेल्या असतात. एक म्हणजे डिस्प्ले, नंबर ४१०१, डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता आणि सावरला असं त्यात लिहिलेलं असतं. विंडोज ग्राफिक्सला साधारण २ सेकंदांची मुदत देतं, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर त्याला रीसेट करतं, त्याची ही नोंद. दुसरी नोंद नंबर १२९, "रीसेट टू डिव्हाइस", ही डिस्कच्या ड्रायव्हरकडून येते आणि एसएसडी किंवा हार्डडिस्क मागितलेलं वेळेत देत नाहीये असं सांगते. डिस्कचीच १५३ नंबरची नोंद साधारण याच जातीची, ७ नंबर मात्र खराब ब्लॉकची, ती दिसली तर आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि मगच पुढे वाचा.

सगळ्यात जास्त लोकांना घाबरवणारी नोंद म्हणजे कर्नल पॉवर ४१, लाल रंगात, क्रिटिकल. तिच्यात काही नाही. लॅपटॉप नीट शटडाउन न होता बंद झाला एवढंच ती सांगते, आणि तो तर तुम्हीच पॉवर बटण दाबून बंद केला होता. तिच्या वेळेच्या आधीच्या पाच मिनिटांत काय लिहिलंय ते बघा. कधीकधी त्या पाच मिनिटांत काहीच नसतं, कोरं. डिस्कच अडकली असेल तर विंडोज नोंद लिहिणार कुठे, म्हणून कोरं असणं हाही एक धागाच समजा.

डब्ल्यूएचईए लॉगर या नावाच्या नोंदी दिसत असतील तर त्या प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस वगैरे हार्डवेअरकडून येतात, त्या सतत येत असतील तर ड्रायव्हरइतकाच बायोसवर (मदरबोर्डवरचं, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) आणि बोर्डवर संशय घ्या.

शटडाउन म्हणजे रीस्टार्ट नाही

ही गोष्ट सांगितल्यावर निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल (बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून असतोच) तर शटडाउन केल्यावर कर्नल आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जशीच्या तशी साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडखळलेला ड्रायव्हर रात्री झोपतो आणि सकाळी तसाच अडखळत उठतो. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. तेव्हा कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथे "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" वर क्लिक करून फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी असेल तर चालू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागतील, बास. हार्डडिस्कवाल्यांना फरक जाणवेल, त्यांनी चाचणीपुरतं बंद ठेवलं तरी चालेल.

सेफ मोडमध्ये चालवून बघा

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अगदी गरजेचे ड्रायव्हर घेतं, ग्राफिक्ससाठी सुद्धा स्वतःचा बेसिक डिस्प्ले ड्रायव्हर वापरतं. जुन्या काळचं एफ ८ आता चालत नाही, शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४, किंवा नेट हवं असेल तर ५.

पण त्याआधी थांबा, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणारं साधन) रिकव्हरी की तुमच्याकडे आहे का बघा. हल्लीच्या विंडोज ११ लॅपटॉपवर तुम्ही काहीही न करता डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते आणि अशा वेळी ४८ आकडी की मागून तो तुमची वाट अडवतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ब्राउझरवरून लॉगिन केलं की डिव्हाइसेसमध्ये ती सापडते, कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका म्हणजे मिळवलं. सेफ मोडमध्ये कधी पिन चालत नाही, पासवर्ड मागतो, तोही आठवत असू दे.

आता जितक्या वेळात एरवी हँग होतो त्याच्या दुप्पट वेळ सेफ मोडमध्ये ठेवा. तिथे हँग होत नसेल तर ड्रायव्हर किंवा स्टार्टअपला चालू होणारं एखादं सॉफ्टवेअर. तिथेही होत असेल तर हार्डवेअरकडे शेवटी येतोच आहोत. एक लक्षात घ्या, सेफ मोडमध्ये ग्राफिक्सवर काही भारच नसतो, त्यामुळे तिथे चांगला चालला म्हणजे ग्राफिक्स चिप शंभर टक्के धडधाकट असा अर्थ निघत नाही.

ग्राफिक्सपासून सुरुवात

स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. पिवळा त्रिकोण कुठे दिसतोय का बघा, पण नसला म्हणून सगळं ठीक असं नाही, हँग करणारे ड्रायव्हर बहुतेक वेळा तिथे अगदी साळसूद दिसतात. डिस्प्ले अॅडॅप्टर्समध्ये दोन नावं असतील, एक इंटेल किंवा एएमडीचं आणि दुसरं एनव्हीडियाचं, तर तुमच्यासाठी एक फुकटची सोपी चाचणी आहे. एनव्हीडियावर राइट क्लिक करून "डिसेबल डिव्हाइस" करा आणि काही दिवस तसाच वापरा. गेम चालणार नाहीत, एचडीएमआयला जोडलेला मॉनिटर काही लॅपटॉपवर बंद पडेल, बाकी ऑफिसचं काम, यूट्यूब, झूम सगळं होतं. हँग व्हायचा थांबला तर सापडला. काहीही न उडवता, काहीही डाउनलोड न करता एवढं कळतं, म्हणून मी ही चाचणी सगळ्यात आधी सांगतो.

फक्त ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघताना किंवा मीटिंगमध्येच थिजत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टममध्ये जाऊन ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करून बघा. याने प्रोसेसरवर भार येतो, हा इलाज नाही, पण याने हँग थांबला तर पुरावा मिळाला.

ग्राफिक्स ड्रायव्हरच आहे असं दिसलं तर आधी मागे जा. डिव्हाइसवर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब, "रोल बॅक ड्रायव्हर". बटण फिकट असेल तर "अपडेट ड्रायव्हर", "ब्राउज माय कॉम्प्युटर", "लेट मी पिक" असं गेलं की आधीच्या आवृत्त्या शिल्लक असल्या तर यादीत दिसतात, त्यातली जुनी घ्या. लोक नेहमी पुढे पळतात, लेटेस्ट टाका म्हणतात. पण कालपर्यंत चांगला चालणारा लॅपटॉप आज बिघडला असेल तर कालचाच ड्रायव्हर बरा होता एवढं साधं गणित आहे.

मागे जाऊनही जमलं नाही तर साफसफाई करून नवा टाकायचा. आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, मग वायफाय बंद करा (हे विसरलात तर तुम्ही जुना काढताय तोवर विंडोज अपडेट परत काहीतरी आणून बसवेल), आणि सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, ते चालवा. ते फुकट आहे. ते जुन्या ड्रायव्हरच्या उरल्यासुरल्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी काढतं. मग रीस्टार्ट, डाउनलोड केलेला ड्रायव्हर इन्स्टॉल, पुन्हा रीस्टार्ट, आणि मगच वायफाय. डीडीयूच्या भानगडीत पडायचं नसेल तर एनव्हीडियाच्या इन्स्टॉलरमध्ये कस्टम घेऊन "क्लीन इन्स्टॉलेशन" ला टिक करा, बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं.

जुन्या चिपवाल्यांनी अजून एक बघा. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या एनव्हीडिया चिपना, म्हणजे ९४०एमएक्स, एमएक्स१५०, जीटीएक्स १०५० वगैरे, ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे गेम रेडी ड्रायव्हर येत नाहीत, फक्त सुरक्षेपुरते येतात. तुमच्या चिपला लागू नसलेला लेटेस्ट शोधत बसू नका.

डिस्क, आणि वीज वाचवण्याच्या नादात होणारे घोटाळे

क्लिक उशिरा लागणारा प्रकार असेल तर टास्क मॅनेजर आधीच उघडून बाजूला ठेवा, परफॉर्मन्स, डिस्क. अडकला की बघा, डिस्क १०० टक्के दाखवतेय आणि खाली वेग मात्र जवळपास शून्य, असं असेल तर डिस्क कामाखाली दबलेली नाही, ती उत्तरच देत नाहीये. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घेऊन डिस्कची तब्येत बघा. "कॉशन" किंवा "बॅड" आलं तर ड्रायव्हरचा विषय तिथेच संपला, बॅकअप घ्या आणि डिस्क बदला. "गुड" असेल तर मग ड्रायव्हर आणि पॉवर सेटिंगवर या.

एसएसडी वीज वाचवायला झोपते आणि काही मॉडेल नीट उठत नाहीत, तेव्हा तो तीस सेकंद, मिनिटभर अडकून परत चालू होणारा हँग दिसतो. पॉवर ऑप्शन्स, "चेंज प्लॅन सेटिंग्ज", "चेंज अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज", पीसीआय एक्सप्रेस, "लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट", दोन्हीकडे ऑफ करा. काही नवीन लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही, तिथे बायोस आणि एसएसडीच्या फर्मवेअरचा (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट शोधायचा. इंटेलचे लॅपटॉप असतील तर स्टोरेजचा आरएसटी (इंटेलचा डिस्क सांभाळणारा) ड्रायव्हर मॉडेलच्या पानावरूनच घ्या, आणि बायोसमधला व्हीएमडी किंवा आरएसटीचा पर्याय उगाच बदलू नका, बदललात तर विंडोज सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.

वायफायचंही असंच. मोठं डाउनलोड चालू असताना किंवा स्लीपमधून उठल्यावर हँग होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अॅडॅप्टर, वायफायचं कार्ड, "पॉवर मॅनेजमेंट" टॅब, तिथली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा. टॅब नसेल तर वायफाय डिसेबल करून मोबाईल यूएसबीने जोडून नेट घ्या आणि दिवसभर बघा, उत्तर मिळेल.

चार्जर लावला की टचपॅड वेड्यासारखा उड्या मारतो, बोट एकीकडे आणि बाण भलतीकडे, हा मात्र ड्रायव्हरचा दोष नसतो बहुतेक. अर्थिंग नसलेलं सॉकेट किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये कोंबलेला असतो. दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या पॉइंटवर लावून बघा आधी.

कुणालाच आठवत नसलेले ड्रायव्हर

जीएसटी, टेंडर भरणाऱ्यांच्या, सेतू किंवा आपले सरकार केंद्र चालवणाऱ्यांच्या, आणि सीएच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तिथे डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर असतो, अंगठ्याच्या मशीनचा असतो, बारकोड प्रिंटरचा, जुन्या स्कॅनरचा असतो, आणि टोकन बदललं की दुसऱ्या कंपनीचा वर अजून एक बसतो, जुना कुणी काढत नाही. त्यातले काही विंडोज ७ च्या काळातले असतात. यूएसबीला जोडलेलं सगळं काढून एक दिवस लॅपटॉप मोकळा चालवा. मग न लागणारी सॉफ्टवेअर सेटिंग्ज, अॅप्समधून काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेन्यूत "शो हिडन डिव्हाइसेस" केलं की सध्या न जोडलेली जुनी भुतंही फिकट रंगात दिसतात, ती राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकायची टिक द्या.

दोन अँटीव्हायरस हा दुसरा प्रकार. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला एक आणि दुकानदाराने टाकलेला एक. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मधे उभे राहतात आणि त्यांचेही फिल्टर ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. एक काढा. दोन्ही काढले तरी विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो, घरच्या वापराला तो पुरतो असं माझं मत.

ड्रायव्हर कुठून घ्यायचे

स्टार्टमध्ये सिस्टम इन्फर्मेशन शोधा, तिथे मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दोन्ही दिसतं. डेलवर खाली सर्व्हिस टॅग असतो, बाकीच्यांवर सिरीयल नंबर, तो कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकला की नेमके तुमच्या मशीनचे ड्रायव्हर येतात. कंपन्यांमधून निघालेले सेकंडहँड लॅटिट्यूड, थिंकपॅड आपल्याकडे भरपूर विकले जातात, त्यांनाही हेच लागू, नंबर टाकला की जुन्या मॉडेलचेही ड्रायव्हर मिळतात. क्रम मी असा ठेवतो, आधी चिपसेट, मग स्टोरेज, ग्राफिक्स, मग वायफाय-ब्लूटूथ आणि राहिलेलं.

ड्रायव्हर अपडेटर नावाची जी सॉफ्टवेअर जाहिरातीत दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. "तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत" असं लाल अक्षरात दाखवून ती पैसे मागतात, आणि त्यातली गंमत अशी की विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या कितीतरी ड्रायव्हरवर २१ जून २००६ हीच तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे कंपनीचा खास ड्रायव्हर आला की तो आपोआप नवा ठरावा. इंटेलच्या चिपसेट फायलींवर तर १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते, ती इंटेल कंपनी स्थापन झाल्याची तारीख आहे. १९६८ चा ड्रायव्हर बघून घाबरून अपडेट मारणारे लोक असतात, म्हणून सांगितलं.

बायोसचा अपडेट मात्र टाळू नका. एएमडीच्या रायझनवर मधूनमधून क्षणभर अडखळायचा प्रकार होता, कर्सर, आवाज सगळंच सेकंदभर अडायचं. मार्च २०२२ मध्ये एएमडीने स्वतः मान्य केलं की प्रोसेसरमधल्या एफटीपीएम या सुरक्षेच्या भागामुळे तसं होतंय आणि त्याचं उत्तर बायोस अपडेट होतं, ड्रायव्हर कितीही बदलले असते तरी ते गेलं नसतं. बायोस टाकताना चार्जर लावलेला, बॅटरी निदान निम्मी भरलेली, बिटलॉकर सस्पेंड केलेला, आणि लोडशेडिंगची वेळ नको.

हे सगळं करताना एका वेळी एकच बदल करा. एकाच संध्याकाळी पाच ड्रायव्हर बदलले आणि हँग थांबला तर कशाने थांबला ते कळत नाही, आणि नाही थांबला तर काय परत आणायचं तेही कळत नाही. सुरुवातीलाच "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" करून ठेवा, ते सेटिंग बऱ्याच लॅपटॉपवर बंद असतं, चालू करावं लागतं.

चांगला ड्रायव्हर सापडला की विंडोज अपडेटला थोडं आवरा. अपडेट "पॉज" करता येतो, आणि स्टार्टमध्ये "चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज" शोधून तिथे नो केलं तर ड्रायव्हर आपोआप यायचं प्रमाण कमी होतं. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या "ऑप्शनल अपडेट्स" मधले ड्रायव्हर तर अडचण असल्याशिवाय घेऊच नका. इंटरनेटवर कुणी ड्रायव्हर व्हेरिफायर चालवा म्हणेल, ते मुद्दाम ड्रायव्हरवर ताण देऊन निळी स्क्रीन आणतं, कधीकधी लॅपटॉप सुरूच होत नाही इतकं. डम्प फाइल (निळी स्क्रीन आली तेव्हा विंडोजने साठवलेली नोंद) वाचता येत असेल आणि सेफ मोडमधून ते बंद कसं करायचं माहीत असेल तरच हात लावा.

तरीही थांबत नसेल

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू टाकून इन्स्टॉल न करता "ट्राय" वर चालवा, दोन-तीन तास व्हिडिओ वगैरे लावून ठेवा. तिथे विंडोज नाही, विंडोजचे ड्रायव्हर नाहीत. तिथेही तसाच थिजला तर हार्डवेअरचा संशय पक्का होत जातो (एनव्हीडियावाल्या लॅपटॉपवर उबुंटूचीही स्वतःची कुरकुर असते, तेवढं धरून चला). तिथे मजेत चालला तर परत विंडोजच्या ड्रायव्हरकडे या, काहीतरी राहिलंय.

रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण त्याच्यापेक्षा मेमटेस्ट ८६ रात्रभर लावलेला बरा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक-एक काढून बघा. तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो. गरम झालेला लॅपटॉप सहसा आधी मंद होतो आणि फार झालं तर एकदम बंद पडतो, नुसता थिजून राहणं कमी, पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे ४५ अंशात गादीवर ठेवून चालवत असाल तर पंख्याची जाळी साफ करून घेतलेली बरी.

सर्व्हिस सेंटरला न्यायची वेळ आली तर "हँग होतोय" एवढंच सांगू नका, तो तिथे काउंटरवर हमखास व्यवस्थित चालतो. हँग झाला तेव्हाचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ, रिलायबिलिटीच्या पानाचा फोटो, आणि सेफ मोडमध्ये व उबुंटूवर काय झालं ते एका कागदावर लिहून द्या. वॉरंटीत असेल तर रॅमसाठी स्वतः स्क्रू उघडायच्या आधीच न्या, आणि डेटाचा बॅकअप घेतल्याशिवाय तर नेऊच नका, कारण तिथेही पहिली गोष्ट बहुतेक विंडोज मारण्याचीच होते.